रिकाम्या गोठ्याला आवतन

प्रिय अर्पिता,

पाकीट पाहून तू घाबरशील, म्हणून आधीच सांगते, आम्ही दोघं धडधाकट आहोत. तुझे बाबा ओट्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलत आहेत आणि मी आत पोळपाट उलटा करून त्यावर कागद ठेवून लिहिते आहे. फोनवर हे सांगता येत नाही. मी फोन लावला की हे जवळ येऊन बसतात आणि पेपर वाचायचं सोंग करतात, पेपर उलटा धरलेला असला तरी यांना पत्ता नसतो. आवाज रेकॉर्ड करून पाठवावा तर तो तू दुप्पट वेगानं ऐकतेस, हे तूच हसत हसत सांगितलंस. आईचं बोलणं दुप्पट वेगानं! बरं बाई. आज आपलं शेत करणारा सेवादास दिग्रसला बाजाराला चालला आहे, त्याच्या हाती देते, तो तिथून स्पीड पोस्ट करेल. येत्या रविवारी तू आणि गोपाळ टेम्पो घेऊन येणार, बाबांना गोपाळ नागपूरला नेणार, मला तू पुण्याला नेणार, घराला कुलूप लागणार आणि गोठा पाडून टाकायचा, असं तुम्ही भावाबहिणींनी ठरवलं आहे. मी फोनवर हो म्हटलं नाही आणि नाही पण म्हटलं नाही. लग्नाला एवढी वर्षं झाली, बाळंतपणं सोडली तर मी आणि हे वेगळ्या गावात राहिलेलो नाही. टेम्पो दारात यायच्या आधी तू हे वाचावंस, एवढंच.

तुझी नोकरी मला अजून नीट कळलेली नाही, खरं सांगते. शेजारची इंदूबाई विचारते, ‘पोरगी काय करते वं पुण्याले?’ तर मी सांगते, लोकायले विचारते का तुम्ही हाच साबण काहून घेता. त्यावर ती म्हणते, ‘अन् लोक खरं सांगतात?’ मी हसले, पण तू स्वतःच एकदा म्हणाली होतीस, माणसाला कारण विचारलं की तो चांगलं दिसणारं कारण सांगतो, खरं कारण त्याच्या खालीच दबलेलं असतं आणि कधी कधी त्याला स्वतःलाही ठाऊक नसतं. मला ते फार पटलं होतं. अंगणवाडीत जन्म गेला माझा, रडणारं पोर पोट दुखतं म्हणतं आणि त्याला आईपाशी जायचं असतं, हे मी रोज बघितलं आहे. पण बाबांचं कारण मात्र तू एका दुपारीच काढून मोकळी झालीस. दिवाळीत आलीस, रिकाम्या गोठ्यातल्या गव्हाणीत बाबांना सोयाबीनचं कुटार टाकताना पाहिलंस, आणि मला चुलीपाशी ओढून म्हणालीस, बाबांना बैल विकल्याचं दुःख झालंय, ते बाहेर पडायला वाट शोधतंय. गावाचं कारण वेगळं, गाव म्हणतं किसनराव डोक्यानं गेले. गोपाळनं यवतमाळच्या डॉक्टरकडे नेलं, त्यांचं तिसरंच, वयाचं आणि विसरण्याचं. सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं. माझ्याकडे कोणी पाहिलं नाही.

आता पहिल्यापासून सांगते. बैल विकले ते चैत्रात. बाबांचे गुडघे गेले होते, सेवादासनं शेत बटईनं, अर्ध्या वाट्यावर, करतो म्हटलं आणि त्याची स्वतःची जोडी आहे, मग आपली कोणासाठी पोसायची? चांद्या आणि तांबड्या महागावकडच्या एका माणसाला दिले. माणूस चांगला होता. त्यांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा मात्र बाबा घरी घेऊन आले, त्या मी तेव्हाच धुऊन, कापडात बांधून पेटीत तळाशी ठेवल्या. हे लक्षात ठेव, नाहीतर म्हणशील वाऱ्यानं वाजत असतील. बाबा रडले वगैरे काही नाहीत. चहा प्यायले, म्हणाले, ‘बरं झालं, शेणाची कटकट गेली,’ आणि झोपले. मग आला पोळा. आदल्या संध्याकाळी आपल्याकडे बैलांचे खांदे शेकतात, तू लहानपणी वाटी धरून उभी राहायचीस. मी स्वयंपाकघरात होते, पाहते तर हे हळद-तूप कोमट करून, पळसाचं पान घेऊन गोठ्यात चाललेले. मला आधी हसूच आलं. म्हटलं सवयीनं निघाले, खुंटे पाहून परत येतील. पण बाई गं, ते परत आले नाहीत. त्यांनी हवेत हात उचलला आणि चोळायला लागले. उंची बरोबर बैलाच्या खांद्याची. वशिंडापाशी हात वर चढला आणि पलीकडे उतरला. मधेच थांबले, जनावर अंग हलवतं तेव्हा थांबतात ना तसे, आणि पुन्हा चोळायला लागले. मग वाकून म्हणाले, ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.’ आधी चांद्याच्या खुंट्यापाशी, मग तांबड्याच्या. मी पळी हातात तशीच घेऊन दारात उभी होते.

आवतन दिलं म्हणजे जेवू घालणं आलं. कोणाला दिलं हा प्रश्न मी त्यांना विचारला नाही. दुसऱ्या दिवशी पुरण घातलं, यांनी दोन पोळ्या गव्हाणीत नेऊन ठेवल्या, संध्याकाळी पाहिलं तर गव्हाण साफ. कुत्रं शिरलं असेल, मी मनाशी म्हटलं. आणि त्याच संध्याकाळी, दिवेलागणीला, बाबा ओट्यावर मान तिरपी करून, कान देऊन उभे दिसले. तोंडावर असं काही होतं, की कोणी तरी यायची वाट पाहत आहेत. मला वाटलं, झालं, यांना घुंगरं ऐकू येत आहेत आणि लाजेनं सांगत नाहीत. मला कसंतरीच झालं गं. इतका मोठा माणूस, आयुष्यभर गावाचे तंटे सोडवले, आणि आता स्वतःच्याच कानाची लाज वाटून ओट्यावर उभा. एकट्यानं वेडं होण्यापेक्षा दोघांनी झालेलं बरं, असं मनात आलं आणि मी आतूनच म्हटलं, ‘अहो, चांद्या-तांबड्या आले वाटते.’ त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग घमेलं उचललं, कुटार भरलं आणि गोठ्यात गेले.

तेव्हापासून रोज. दिवेलागणीला ते ओट्यावर उभे राहायचे, मी म्हणायची ‘आले’, ते जायचे. दिग्रसहून सरकीची ढेप पण आणायला लागले, दुकानदार विचारायचा, किसनराव, बैल विकले ना, तर म्हणायचे, ‘पाहुणे हायेत.’ ढेप आणि कुटार सकाळी तसंच पडलेलं दिसलं तर यांना किती वाईट वाटेल, म्हणून मी पहाटे यांच्या आधी उठून ते टोपलीत भरायची आणि इंदूबाईच्या म्हशीपुढे टाकायची. इंदूबाईला सांगितलं होतं, कोणाला बोलू नको. तू दिवाळीत विचारलंस, आई, गव्हाण रोज रिकामी कशी होते, तेव्हा मी ‘कुत्री खातात’ म्हणाले, ते या गोष्टीवर पांघरूण म्हणून. पण त्यातही एक गोम आहे, ती पुढे येईल.

मधल्या काळात जे झालं ते मी कोणाला सांगितलं नाही. बैल गेल्यावर गोठा कोरडा पडला होता, मातीला धुळीचा वास यायचा. पोळ्यानंतर हळूहळू जनावराचा वास परत आला. ओलसर, उबदार, तू नाक मुरडायचीस तो. मी म्हटलं ढेपेचा असेल. मग एक दिवस सेवादास पऱ्हाटीच्या शेतात डवरणी करून दुपारी आला, ऊन मोठं होतं, म्हणाला, ‘बाई, जोडी घडीभर गोठ्यात बांधतो.’ बांध म्हटलं. त्याचे बैल गोठ्याच्या तोंडाशी आले आणि थांबले. भ्याले नाहीत, हे नीट लक्षात घे. आत दुसरी जनावरं उभी असली की परका बैल मान खाली घालून शिंगं पुढं करतो ना, तसे उभे राहिले. फुसफुसले. सेवादासनं कासरा ओढला, शिव्या घातल्या, पण ते तसूभर आत गेले नाहीत. तो माझ्याकडे पाहून म्हणाला, ‘बाई, जागा खाली नाई काय?’ आणि स्वतःच्याच बोलण्याला हसला. मीही हसले. त्यानं बैल निंबाखाली बांधले आणि त्यानंतर पुन्हा कधी विचारलं नाही.

मग तुमचा टेम्पोचा बेत कळला, आणि मला वाटलं, बाईसाहेब, आता गप्प बसून चालायचं नाही. परवा भर दुपारी, ऊन स्वच्छ, आम्ही दोघं अंगणात तूर वाळवत होतो. मी सरळ विचारलं, ‘तुम्हाले हे घुंगरं कवापासून ऐकू येतात? खरं सांगा, मी काही म्हणत नाही.’ यांचे हात थांबले. म्हणाले, ‘मले? मले कायले ऐकू येतीन? तुले ऐकू येतात ना वं.’ मी म्हटलं, मला नाही कधी आले. त्या दिवशी तुम्हीच तर ओट्यावर कान देऊन उभे होते. तर म्हणतात कसे, ‘मी नळाले पाणी आलं का ते ऐकून राह्यलो होतो. तू अंदरून म्हनली, आले वाटते. मले वाटलं, गेली बाई हातची. तोंडावर नाही म्हनलं अस्तं तर तू भ्याली अस्ती. म्हनून गेलो कुटार घेऊन.’

ऐकतेस ना अर्पिता? हा माणूस माझ्यासाठी जात होता आणि मी त्याच्यासाठी म्हणत होते. मी विचारलं, मग पोळ्याच्या आदल्या दिवशी हवेत खांदे कशाला शेकले? तर म्हणाले, सवयीनं हात उचलला गेला, मग ध्यानात आलं बैल नाहीत, पण तू दारातून पाहत होतीस, मधेच थांबलो असतो तर तुला बैलांची आठवण येऊन वाईट वाटलं असतं, म्हणून आवतन पुरं केलं. यवतमाळच्या डॉक्टरनं एवढं खोदून विचारलं, बैल दिसतात का, ऐकू येतात का, तेव्हा तोंड शिवून का बसलात? म्हणाले, ‘तुहं नाव सांगू? तुले नेलं अस्तं त्यायनं.’ सगळं गाव त्यांना डोक्यानं गेलेलं म्हणत होतं आणि त्यांनी ते माझ्याऐवजी स्वतःच्या डोक्यावर घेतलं होतं. मला इतकं रडू आलं आणि इतकं हसू आलं की कोणतं आधी आलं ते सांगता येत नाही. दोघं म्हातारे अंगणात बसून खदाखदा हसलो. इंदूबाई भिंतीवरून डोकावून गेली.

हसणं ओसरल्यावर मी त्यांना म्हशीची गोष्ट सांगितली. म्हटलं, पहाटे उठून टोपल्या वाहिल्या तुमच्यासाठी, दसऱ्याला कंबरेत उसण भरली तेव्हापासून मात्र तुमच्यावर सोडून दिलं. त्यांनी विचारलं, ‘माह्यावर काय सोडलं?’ मी म्हटलं, गव्हाण रिकामी करायचं. दसऱ्यानंतर मी हात लावलेला नाही, तुम्हीच तर करता. ते हळूच म्हणाले, ‘नलू, मी कधीच नाही केली. मले वाटे तूच करतं.’

ही ती गोम. दिवाळीत मी तुला कुत्री म्हणाले तेव्हा मनातून मला तुझे बाबा वाटत होते. आम्ही उठून गोठ्यात गेलो. दुपारची वेळ, छपराच्या फटींतून ऊन आत आलेलं. गव्हाण नुसती रिकामी नव्हती, दगड चाटून चाटून गुळगुळीत आणि ओला होता. तट्ट्याच्या दाराला बाहेरून घातलेली कडी आम्हीच काढली होती. कुत्रं ढेप खात नाही, आणि बकरी आली तर अर्धं सांडून जाते. तिथं एक काडी नव्हती. यांनी माझा हात धरला, एरवी कधी धरत नाहीत, आणि म्हणाले, ‘आवतन आपणच देल्लं ना.’ मग घरात येऊन आम्ही चहा केला.

त्या संध्याकाळी आम्ही दोघं ओट्यावर बसलो. ठरवलं नव्हतं, पण ते उभे राहिले नाहीत आणि मी ‘आले’ म्हटलं नाही. नळाला पाणी आलं, कोणी उठलं नाही. आणि मग ऐकू आलं. बसलेला बैल उठून मान झटकतो तेव्हा आधी मोठी घंटा वाजते आणि मागून लहान घुंगरं, तसं. एकदा. मग दुसऱ्या खुंट्याकडून एकदा. मी यांच्याकडे पाहिलं, यांनी माझ्याकडे. म्हणाले, ‘आले का वं?’ मी म्हटलं, ‘तुम्हाले ऐकू आलं?’ ते म्हणाले, ‘तुले?’ आणि दोघंही गप्प. कारण अर्पिता, आता आम्हाला एकमेकांची रीत कळली आहे. मी हो म्हटलं तर त्यांना वाटणार मी त्यांच्यासाठी म्हणते आहे. त्यांनी हो म्हटलं तर मला तेच वाटणार. मायेनं इतकं खोटं बोललो, की आता खरं बोलायलाच जागा राहिली नाही. शेवटी ते उठले, घमेलं भरलं, मी बॅटरी धरली आणि पहिल्यांदा त्यांच्याबरोबर आत गेले. काही दिसलं नाही. मी खांद्याच्या उंचीवर हात पुढे केला. माझा हात अडला. ऊब होती, आणि खालून श्वास चालू होता. मी भ्याले, खोटं कशाला बोलू. पण ओरडले नाही. थोडा वेळ हात तसाच ठेवला आणि मग काढून घेतला.

आता हे का लिहिलं ते सांगते. बाबांचा इलाज टाळावा म्हणून नाही, आणि मी शहाणी आहे हे पटवायलाही नाही. काल गोपाळ फोनवर सहज बोलून गेला, की गोठा पाडायचा हट्ट त्याचा नाही, तुझा आहे. त्याला म्हणालीस म्हणे, माणसं मागाहून हलव, आधी गोठा पाड. बाबा आजारी असतील तर त्यांना ने, कुडाच्या भिंती कशाला पाडायच्या? मग मला भाऊबीज आठवली. त्या संध्याकाळी तू तुळशीपाशी पणती लावत होतीस. बाबा अजून ओट्यावर आले नव्हते, मी तोंड उघडलं नव्हतं, आणि तू मान वर न करता म्हणालीस, ‘आई, ते आले.’ मी समजले, पोरगी आपल्या बाबांचं मन राखते आहे. बाबाही तेच समजले. तू मात्र सकाळच्या पहिल्या एसटीनं निघून गेलीस, हातातला चहा तसाच ठेवून, आणि तेव्हापासून दिवेलागणीला तू फोन उचलत नाहीस. दुपारी उचलतेस, रात्री उचलतेस, तेवढ्या वेळात नाही. लोकांची कारणं खणणारी तू, तुझं कारण मात्र बाबांचं दुःख म्हणून सांगितलंस. अर्पिता, तू मन राखलं नव्हतंस. तू ऐकलंस. आणि मला वाटतं तू अजून ऐकतेस, तिथं पुण्यात, तिसऱ्या मजल्यावर, दार-खिडक्या लावून. तसं असेल तर गोठा पाडून ते थांबायचं नाही, माय, आणि आम्हाला दोन गावांना नेऊन तर मुळीच नाही, मग आपण तिघं दोन गावांत आपापल्या जागी एकेकटे ऐकत बसू. टेम्पो सांगितला असेल तर परत पाठव. तू एकटी ये, अंधार पडायच्या आत ये. ते काही करत नाहीत, फक्त जेवायला येतात. दिवेलागणीला आपण तिघं ओट्यावर बसू, आणि कोणी कोणासाठी खोटं बोलायचं नाही.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेली, तुझीच,
आई